पावती कोण फाडणार?

घरपट्टी भरायला माणूस ग्रामपंचायतीची पायरी दोनच वेळा चढतो. एक, कुठला तरी दाखला हवा असतो आणि ग्रामसेवक ‘आधी बाकी भरा’ म्हणतो तेव्हा. (आता त्यांचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे, पण गाव त्यांना अजून भाऊसाहेबच म्हणते.) दुसरी वेळ निवडणुकीची. थकबाकीदाराला सदस्य होता येत नाही, म्हणून उमेदवारी अर्जाच्या आठवड्यात पाच-पाच वर्षे पावती न फाडलेली घरेही खिडकीशी उभी दिसतात. त्या आठवड्यात वसुलीचा आकडा टुणकन वर जातो आणि पुन्हा जमिनीवर येतो.

मधल्या काळात काय होते ते गावात राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कायद्याने ग्रामपंचायतीला मागणी बिल काढता येते, नोटीस देता येते, वॉरंट काढून जप्तीही करता येते. पण वॉर्डात मते साडेतीनशे आणि निवडून यायचे ते अकरा मतांनी, अशा हिशेबात चुलतभावाच्या दारात जप्तीला कोण जाणार? त्यापेक्षा सरपंच तालुक्याला जातो, आमदारांच्या मागे लागतो, एखाद्या योजनेतून पाच-सात लाखांचा रस्ता ‘आणतो’ आणि त्याचा फलक लावतो. गावालाही ते सोयीचे असते. आमच्याकडे कर्तबगार सरपंच म्हणजे जो निधी आणतो तो. वसुली करतो त्याला आपण कर्तबगार म्हणत नाही, खडूस म्हणतो.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या उत्पन्नाची चर्चा सुरू झाली की नवे कर, नवे शुल्क, नवे ॲप यांची यादी पुढे येते. माझे म्हणणे त्याच्या अलीकडचे आहे. कायद्यात मार्ग आहेत, आणखीही काढता येतील. पण आजच्या रचनेत शेजाऱ्याकडे मागणे तोट्याचे आणि मंत्रालयाकडे मागणे फायद्याचे आहे. वर बसलेल्यांनाही ही रचना मोडण्याची घाई नाही.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या अर्थकारणावर अहवाल काढला. देशभरातल्या पंचायतींच्या उत्पन्नात त्यांनी स्वतः लावलेल्या करांचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या घरात आहे, असे त्यात दिसते. बाकी जवळपास सगळे अनुदान. पंचायतींना घटनेत स्थान देणाऱ्या ७३व्या घटनादुरुस्तीला तीस वर्षे झाल्यावरचे हे चित्र आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींना २९ विषय दिले, शहरांसाठी बाराव्या अनुसूचीत १८ दिले. करांचे काय? तर ते ‘राज्य विधिमंडळ ठरवील तसे’. घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची यादी आहे, राज्याची यादी आहे. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या हक्काची अशी यादीच नाही. कामे घटनेने सांगितली आणि पैसे राज्याच्या मर्जीवर सोडले.

आणि अनुदान नुसते येत नाही, कुंकू लावून येते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते, ४० टक्के मोकळे. पाणी आणि स्वच्छता महत्त्वाची नाहीत असे कुणी म्हणणार नाही. पण एखाद्या गावाची पाण्याची सोय आधीच झाली असेल आणि स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर पावसाळ्यात खांदेकऱ्यांचे पाय गुडघाभर चिखलात रुतत असतील, तर त्या गावाने काय करावे? ते गाव मग निकषात बसेल असे काम शोधते. गरज एकीकडे आणि खर्च दुसरीकडे.

शहरांची गोष्ट अधिक खोल आहे, कारण शहरांकडे एकेकाळी स्वतःचे दुभते जनावर होते: जकात. जकातीची बाजू मी घेत नाही. नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा, तिथली चिरीमिरी, ‘माल कमी दाखव, पावती कमी करतो’ हे सगळे या राज्याने डोळ्यांनी पाहिले आहे. व्यापाऱ्यांचा संताप खोटा नव्हता. पण जकातीत एक गुण होता, तो तिच्याबरोबरच गेला. शहराचा व्यापार वाढला की शहराची तिजोरी आपोआप भरायची, त्यासाठी मुंबईकडे तोंड करून बसावे लागत नसे. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि त्या बदल्यात सहायक अनुदान आले. तेव्हापासून अनेक छोट्या नगरपालिकांमध्ये सफाई कामगाराचा पगार त्या अनुदानाला टांगलेला असतो. अनुदान लांबले की पगार लांबला.

महापालिकांमध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, काही शहरांत २०१० पासून, पुणे-ठाणे-नागपूरसारख्या मोठ्या शहरांत २०१३ मध्ये. एलबीटी या तीन अक्षरांनी तेव्हा दुकानांची शटर दिवसच्या दिवस खाली ठेवली होती. ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच. मुंबईची जकात तेवढी टिकली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर तीही संपली. वर्षाला सात हजार कोटींहून अधिक देणारा कर होता तो. राज्याने भरपाईचा कायदा केला, दरवर्षी आठ टक्के वाढ धरली आणि मुंबई महापालिकेला ६४७ कोटींचा पहिला धनादेश समारंभपूर्वक दिला.

त्या समारंभाचे मला तेव्हाही आश्चर्य वाटले होते. भरपाई हा हक्क असेल तर ती गुपचूप खात्यात जमा व्हायला हवी होती. जिथे धनादेश हातात देऊन फोटो काढला जातो तिथे देणारा आणि घेणारा कोण हे ठरून जाते. आठ टक्क्यांची वाढ वाईट नाही, अगदी चांगलीच आहे. पण तिचा शहरात काय घडते याच्याशी संबंध नाही. महापालिकेने रस्ते नीट ठेवले, बाजार वाढले, कारखाने आले, तरी आठ. काहीच केले नाही, तरी आठ. काम करणाऱ्या आयुक्ताला आणि झोपा काढणाऱ्याला सारखेच बक्षीस.

जकात गेल्यावर शहरांच्या हाती मोठा असा मालमत्ता कर उरला. बांधकाम परवानग्यांचे विकास शुल्क आणि प्रीमियमही आहे, पण तो घरबांधणीच्या तेजी-मंदीवर हेलकावणारा पैसा. त्यावर चालणारे शहर म्हणजे जमीन विकून घर चालवणारा माणूस. तेव्हा मालमत्ता कर जिवापाड जपायला हवा होता. आपण काय केले?

मुंबईत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून पूर्ण माफ झाला. साधारण सोळा लाख घरे त्यात आली, आणि वर्षाचा फटका चारशे कोटींच्या वर असल्याचे सरकारनेच सांगितले. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकाला करात चाळीस टक्के सवलत १९७० पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप आला, ती काढली गेली, आणि २०२३ मध्ये राज्याने ती परत दिली. त्या वर्षी कसब्याच्या पोटनिवडणुकीचा निकाल मार्चमध्ये लागला, घोषणाही मार्चमध्येच झाली. ज्याने जो अर्थ काढायचा तो काढावा. पिंपरी-चिंचवडमध्ये अवैध बांधकामांवरचा शास्ती कर त्याच वर्षी माफ झाला. ज्यांनी कर्ज काढून नियमात बसणारे घर घेतले होते ते वर्तमानपत्र बाजूला ठेवून कामाला गेले.

पाचशे फुटांच्या माफीमागचे कारण मी उडवून लावत नाही. गिरणगावातले निवृत्त जोडपे, चाळीच्या पुनर्विकासात मिळालेले छोटे घर, पेन्शन तुटपुंजी: अशा घराला हजारो रुपयांचे बिल जड जाते हे खरेच आहे. पण माफी त्या जोडप्याला दिलेली नाही, चौरस फुटांना दिलेली आहे. दादरमध्ये साडेचारशे फुटांचा नवा फ्लॅट कोटीच्या पुढे जातो. तो गुंतवणूक म्हणून घेऊन भाड्याने देणाऱ्यालाही कर शून्य. आणि मोठ्या कुटुंबासाठी उपनगराच्या टोकाला सहाशे फुटांचे जुने घर घेणाऱ्याला पूर्ण. गरिबाला सूट द्यायची तर उत्पन्न बघा, एकट्या विधवेला द्या, पेन्शनरला द्या. तेवढी माहिती आज सरकारकडे आहे.

माझा खरा आक्षेप याहून वेगळा आहे. कर महापालिकेचा, माफी मात्र राज्याची. याला आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. घोषणा करणाऱ्याला टाळ्या आणि रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल शिव्या महापालिकेला. एक साधा नियम कायद्यात घालता येईल: स्थानिक संस्थेच्या करात राज्याने सूट जाहीर केली तर तेवढी रक्कम राज्याने त्याच आर्थिक वर्षात त्या संस्थेला द्यायची, आणि ती राज्याच्या अर्थसंकल्पात वेगळ्या ओळीवर दिसली पाहिजे. मग बघू किती तुळशीपत्रे पडतात ती.

अभय योजनेचेही तेच. पुण्यात थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस. ऐकायला जबरदस्त वाटते. पण थोड्या-थोड्या वर्षांनी अभय योजना येते आणि त्या शास्तीतला मोठा भाग माफ होतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ बिल आले की कपाटात टाकतात. म्हणतात, ‘घाई कशाला, अभय येईलच.’ त्यांचे गणित चुकलेले नाही. एप्रिलमध्ये रांगेत उभे राहून कर भरणारे आपण वेडे ठरतो, एवढेच.

इथे थोडे मागे जाऊ. आर्थर क्रॉफर्ड १८६५ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस धडाडीचा. बाजार, रस्ते, गटारे यांवर त्यांनी पैसा सढळ हाताने खर्च केला आणि घरमालकांवरचे करही वाढले. हिशेब बिघडला तेव्हा १८७१ मध्ये मुंबईचे करदाते खवळले. सभा झाल्या, भांडणे झाली; तरुण फिरोजशहा मेहता त्याच वादात पुढे आले. त्यातून १८७२ चा कायदा झाला आणि ६४ सदस्यांच्या महापालिकेत निम्मे, म्हणजे ३२ सदस्य करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. मुंबईला निवडणूक मिळाली ती घरपट्टीच्या रागातून. मत देण्याचा तो हक्क फक्त कर भरणाऱ्यांचा होता, हा त्यातला मोठा दोष, आणि तो पुढे गेला हे फार बरे झाले. पण कर भरणारा हिशेब मागतो, हे तेव्हाच्या मुंबईने करून दाखवले.

त्याच मुंबईत मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासकाने कारभार केला. पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक, सगळीकडे हेच. निवडणुका घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये सांगावे लागले. या काळात करांसाठी रस्त्यावर कुणी उतरले नाही, प्रतिनिधी नसल्याबद्दलही फारसे कुणी उतरले नाही. ज्या घरात बिलच येत नाही त्या घरातला माणूस नगरसेवक नसला म्हणून कशाला खवळेल?

तरीही उत्पन्नाचे मार्ग म्हणून काय, असे कुणी विचारेलच. तर पगारपत्रक काढून बघा. व्यवसाय कर या नावाने दरमहा २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा आकडा घटनेतला आहे. कलम २७६ मध्ये १९८८ साली कमाल मर्यादा २५०० केली आणि ती तिथेच आहे. १९८८ मध्ये ज्याला अडीच हजार पगार होता त्याच्या जागेवरचा माणूस आज किती घेतो याचा हिशेब वाचकांनी करावा. त्याच कलमात हा कर राज्यासाठी किंवा नगरपालिका, जिल्हा मंडळ, स्थानिक मंडळ यांच्यासाठी असू शकतो असे म्हटले आहे. केरळ आणि तमिळनाडूत तो स्थानिक संस्था वसूल करतात. महाराष्ट्रात तो १९७५ च्या कायद्याने राज्याकडे आला, रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळानंतरच्या त्या काळात हे योग्यच होते; शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराला दिलेला तो हात होता आणि त्याचा मला अभिमान वाटतो. पण पुढे राष्ट्रीय रोजगार हमी कायदा आला, मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला. आता हा कर पूर्ण नाही तरी निम्मा तो ज्या शहरात, ज्या गावात गोळा होतो तिथे ठेवायला काय हरकत आहे? आणि मर्यादा वाढवण्याची मागणी महाराष्ट्राने दिल्लीत करायला हवी. खासदारांपैकी कुणी केली तर मी त्यांचा फलक स्वखर्चाने लावीन.

करमणूक कराचेही असेच काहीसे झाले. जीएसटीच्या घटनादुरुस्तीत राज्य यादीतली करमणूक कराची नोंद बदलली आणि तो कर पंचायतीने किंवा नगरपालिकेने लावायचा असेल तरच शिल्लक राहिला. घटनेने थेट स्थानिक संस्थांचे नाव घेऊन दिलेली ही दुर्मीळ गोष्ट. तमिळनाडूने २०१७ मध्येच त्यासाठी कायदा करून टाकला. मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये स्पष्ट केले. तरी आपल्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे आकारणी यादीत, गावातला टॉवर आहे का हे एकदा जाऊन पाहा. फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायची असते. कौलारू घराच्या जागी तीन मजली इमारत उभी राहून दहा वर्षे झाली आणि नमुन्यात अजून ‘मातीचे घर, कौलारू’ आहे, असे दाखले गावोगाव सापडतात. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली गेली आहेत. नकाशा आणि आकारणी यादी शेजारी-शेजारी ठेवली तरी बराच उजेड पडेल. पर्यटनाच्या गावांना वेगळा मार्ग आहे. माथेरानला दस्तुरी नाक्यावर प्रवासी कराची पावती घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि त्याबद्दल कुणी माथेरानला जायचे सोडल्याचे ऐकिवात नाही.

पाण्याचे मात्र वेगळे सांगायला हवे. कराडला लागून असलेल्या मलकापूरने नळांना मीटर बसवले, चोवीस तास पाणी दिले आणि जास्त वापराला चढा दर लावला. लोकांनी पैसे दिले, कारण नळ उघडला की पाणी येत होते. आपल्या बहुतेक गावांत क्रम उलटा आहे: आधी पट्टी भरा, पाणी कधी येईल ते टाकी भरल्यावर कळवू. अशाने पट्टी कोण भरेल?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचे उदाहरण आता इतक्या भाषणांत येते की ते गुळगुळीत झाले आहे, तरी द्यावेच लागते. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना त्या ग्रामपंचायतीने नियम केला: ज्याचे सगळे कर भरलेले आहेत त्याला गिरणीवर दळण मोफत. लोक गिरणीची गोष्ट सांगून थांबतात, जणू गिरणी लावली की वसुली शंभर टक्के. मला त्यातली मख्खी वेगळीच वाटते. गिरणीच्या रांगेत कुणाचे दळण फुकट जाते आणि कुणाचे नाही हे सगळ्या गावाला दिसत होते. सरपंचाला कुणाच्या दारात जप्तीला जावे लागले नाही, थकबाकीदाराच्या घरातल्या माणसांनीच त्याला विचारले असणार. शेजाऱ्याकडे मागण्याचा संकोच हीच आपली मूळ अडचण, आणि त्या नियमाने तो संकोच उलटा फिरवून थकबाकीदाराच्या डोक्यावर ठेवला.

यावर हमखास येणारा आक्षेप: ‘कर वाढवून काय उपयोग, खाणारे खाणारच.’ खातात, हे कबूल. पण अनुदानाचा रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला तर गाव म्हणते, ‘सरकारचे पैसे होते.’ आपले म्हणून कुणाला काही वाटत नाही. माझ्या पावतीतले दोन हजार त्या रस्त्यात गेले असतील तर मी ग्रामसभेला जाईन, निदान मोबाइलवर फोटो तरी काढीन. चोरी थांबेलच असे नाही, पण चोरणाऱ्याला ओळखीच्या डोळ्यांसमोर चोरावे लागेल.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. चाकणजवळच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत कारखाने आहेत. त्यांच्याकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याची सोय कायद्यातच आहे. धडगाव किंवा भामरागडच्या पाड्याने कशावर कर लावायचा? गवताच्या छपरावर? स्वतःच्या उत्पन्नाचा आग्रह सरसकट धरला तर श्रीमंत गाव आणखी श्रीमंत होईल आणि मेळघाटाला ‘तुम्ही वसुली करत नाही’ म्हणून बोल लावला जाईल. तिथे अनुदान हवेच, वाढवून हवे आणि मोकळे हवे. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा लागू असलेल्या, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट देण्याचा २०१५ चा निर्णय त्या दृष्टीने चांगला होता. पण पुण्याजवळच्या हिंजवडीने मेळघाटाच्या मागे लपू नये. ज्यांच्या हद्दीत चाळीस मजली इमारती आहेत त्यांची अनुदानाची रांग वेगळी असायला हवी, किंवा नसायलाच हवी.

गेल्या वर्षी आमच्या गावात काही तरुणांनी हट्ट धरून ग्रामसभेत पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी मोठ्याने वाचायला लावली. मोठ्या आकड्यापासून सुरुवात करा, असे ठरले. पहिल्या पाचात तीन नावे सरकारी कार्यालयांची निघाली. चौथे उपसरपंचांच्या भावाचे होते. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच, कार्यालय उघडायच्या आधी, पैसे घेऊन पायरीवर बसला होता. कार्यालयांना स्मरणपत्रे पाठवली आहेत. त्यांच्याकडून उत्तर आले की अनुदान आल्यावर भरू.